वाचकांचे प्रश्न : संघ जाहीर होण्याआधीची वर्षे

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात स्थापन झालेल्या ‘बे एफसी’ या महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल संघाविषयी गेल्या अंकात या स्तंभात थोडा मजकूर आला होता. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतील विचारणा इतकी नेमकी आहे, की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्या पत्रांसाठीच ठेवला आहे. अमेरिकेत या खेळाला ‘सॉकर’ म्हणतात. येथे मात्र आपल्याकडचा फुटबॉल हाच शब्द वापरला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : नवा व्यावसायिक संघ उभा राहतो, म्हणजे नेमके काय घडते? आधी पैसा येतो, आधी खेळाडू येतात, की आधी मैदान लागते? ‘बे एफसी’चा आरंभ सविस्तर सांगावा.
— एक प्राध्यापक, अंबाजोगाई

बे एफसीच्या बाबतीत सर्वांत आधी पुढे आल्या त्या चार माजी खेळाडू. ब्रँडी चॅस्टेन, लेस्ली ऑस्बॉर्न, डॅनिएल स्लेटन आणि ॲली वॅग्नर या चौघीही अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेल्या आहेत आणि सॅन होजेजवळच्या सांता क्लारा विद्यापीठाच्या संघात घडलेल्या आहेत. आपल्या भागातील मुलींना डोळ्यांसमोर स्वतःचा व्यावसायिक संघ दिसावा, हा त्यांचा आग्रह होता. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला सॉकर लीगमध्ये नवा संघ आणायचा, तर लीगला प्रवेशशुल्क भरावे लागते आणि ती रक्कम चार खेळाडूंच्या आवाक्यातली नसते. ‘सिक्स्थ स्ट्रीट’ ही गुंतवणूक कंपनी त्यांच्याबरोबर आली, तेव्हा कोठे एप्रिल २०२३ मध्ये संघाची घोषणा झाली. प्रवेशशुल्क होते ५ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने चारशे कोटी रुपयांहून अधिक. आणि कंपनीने एकूण गुंतवायचे ठरवले साडेबारा कोटी डॉलर. सामन्यांसाठी सॅन होजेतील अठरा हजार प्रेक्षकांचे मैदान ठरले, प्रशिक्षक म्हणून आल्बर्टिन मोंतोया नेमले गेले, आणि मग खेळाडू जमवण्यास सुरुवात झाली. काही खेळाडू लीगमधल्या इतर संघांकडून नव्या संघासाठीच्या निवडप्रक्रियेत मिळाल्या, काहींशी थेट करार झाले, आणि झांबियाच्या रेचल कुंदानंजी हिला माद्रिदच्या क्लबकडून आणण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेली रक्कम त्या वेळी महिला फुटबॉलमधली जगातली सर्वांत मोठी हस्तांतरण रक्कम ठरली. १७ मार्च २०२४ रोजी लॉस एंजेलिस येथे एंजल सिटी संघाविरुद्ध पहिला सामना झाला, नायजेरियाच्या असिसात ओशोआलाने गोल केला आणि नव्या संघाने तो सामना १-० असा जिंकला. पहिल्याच हंगामात चौदा संघांत सातवे स्थान मिळवून हा संघ बाद फेरीतही पोहोचला.

घोषणेपासून पहिल्या गोलापर्यंत एवढाच काळ गेला. एक वर्षही नाही. मात्र आपण ‘आरंभ’ विचारला आहे, आणि माझ्या मते तो एप्रिल २०२३ मध्ये नाही. अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करू नये, असे त्यात म्हटले होते आणि हा नियम खेळांनाही लागू झाला. त्यामुळे शाळांना आणि विद्यापीठांना मुलींचे संघ काढावे लागले, त्यांना मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. त्या मैदानांवर जी पिढी वाढली, तिने १९९१ सालचा पहिला महिला विश्वचषक जिंकला. पुढे १० जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ बोल मैदानावर ९०,१८५ प्रेक्षकांसमोर चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारली ती ब्रँडी चॅस्टेनने. तीच चॅस्टेन पंचवीस वर्षांनी बे एफसीच्या संस्थापकांत दिसते.

मधल्या काळात त्याच परिसरात दोन व्यावसायिक संघ निघाले आणि दोन्ही बंद पडले, हे सहसा सांगितले जात नाही. २००१ साली अमेरिकेत महिलांची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा सॅन होजेच्या सायबररेज संघातून चॅस्टेन खेळली आणि त्या संघाने पहिले अजिंक्यपद मिळवले. सप्टेंबर २००३ मध्ये पैशाअभावी लीगच थांबली. २००९ साली दुसरी लीग आली, तिच्यात एफसी गोल्ड प्राइड हा संघ होता, ब्राझीलची मार्ता त्यातून खेळत होती, २०१० चे अजिंक्यपद त्याने मिळवले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तोही बंद झाला. त्या अजिंक्य संघाचे प्रशिक्षक होते आल्बर्टिन मोंतोया, म्हणजे बे एफसीचे पहिले प्रशिक्षक. विजेतेपद हाती असताना संघ बंद होतो आणि तरीही तीच माणसे तेरा-चौदा वर्षांनी पुन्हा उभी राहतात, याचे कारण मला एकच दिसते: वरचे संघ बंद पडले, तरी शाळांतले, गावांतल्या क्लबांतले आणि विद्यापीठांतले मुलींचे फुटबॉल एक दिवसही थांबले नाही. तिसऱ्यांदा संघ काढताना खेळाडू, प्रशिक्षक आणि प्रेक्षक शून्यातून घडवावे लागले नाहीत.

‘व्यावसायिक’ या शब्दाविषयीही एक खुलासा करतो. व्यावसायिक संघ म्हणजे ज्यात खेळाडूला लेखी करार, नियमित वेतन, वैद्यकीय देखभाल आणि पूर्ण हंगाम मिळतो तो. सध्याच्या अमेरिकी लीगच्या पहिल्या वर्षी, २०१३ साली, किमान वेतन हंगामाला अवघे ६,००० डॉलर होते आणि पुष्कळ खेळाडू पोटासाठी दुसरे काम करत होत्या. २०२५ साली ते ४८,५०० डॉलरवर आले. नावातला व्यावसायिकपणा प्रत्यक्षात उतरायलाही दहा-बारा वर्षे लागली.

प्रश्न : वाळूज औद्योगिक परिसरातील आम्ही आठ-दहा लघुउद्योजक मराठवाड्याच्या नावाने महिलांचा व्यावसायिक फुटबॉल संघ काढण्याच्या विचारात आहोत. नाव, बोधचिन्ह आणि पोशाख ठरला आहे. भारतीय महिला लीगमध्ये उतरण्यासाठी पुढची पायरी कोणती?
— एक उद्योजक, छत्रपती संभाजीनगर

आपले पत्र वाचून झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे. मराठवाड्यातून असे पत्र येईल, असे मला दहा वर्षांपूर्वी वाटले नसते. आधी आपण विचारलेली पायरी सांगतो. संस्थेची रीतसर नोंदणी करून जिल्हा फुटबॉल संघटनेकडे संलग्नता घ्यावी लागते; तेथून राज्य संघटनेच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या महिला स्पर्धांत खेळावे लागते; राज्यपातळीवर पुढे आलेल्या संघाला भारतीय महिला लीगच्या दुसऱ्या श्रेणीची वाट मिळते, आणि तेथे यश मिळाले तर मुख्य लीग. पैसे भरून थेट वर जाण्याचा अमेरिकेसारखा मार्ग येथे नाही, आणि ते आपल्या हिताचे आहे.

आता आपण न विचारलेले, पण मला सांगणे भाग असलेले. कृपया संघापासून सुरुवात करू नका.

भारतीय महिला लीगचा पहिला हंगाम जानेवारी-फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर झाला. अंतिम टप्प्यात सहा संघ होते. त्यांत पुण्याचा एफसी पुणे सिटी हा पुरुषांच्या मोठ्या लीगमधून आलेला, पैसा आणि नाव असलेला संघ होता. आणि त्याच सहांत हरियाणातील भिवानी जिल्ह्याच्या अलखपुरा या खेड्याचाही संघ होता. अजिंक्यपद मिळवले मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने, ज्यात ओइनाम बेम्बेम देवी यांच्यासारखी ज्येष्ठ खेळाडू होती. पुण्याची ती संस्था २०१९ साली बंद पडली. पुण्याचा संघ बंद झाल्याने त्या मुलींच्या मागे काय उरले, हा प्रश्न मला आजही सतावतो. अलखपुऱ्यात मात्र शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुली होत्या, त्या शाळेने मुलींचा सुब्रतो चषक जिंकला होता, आणि तेथल्या फुटबॉलचे मूळ कोणाच्या ताळेबंदावर अवलंबून नव्हते. कोल्हापूरचा संघही पुढे या लीगमध्ये खेळला, कारण त्या शहरात पेठापेठांतून फुटबॉल रुजलेला आहे. तेथे मुलीच्या हाती चेंडू दिसला, तर कोणी थांबून पाहत नाही. मराठवाड्यात कबड्डी आणि खो-खो यांना जशी जमीन आहे, तशी ती फुटबॉलला अद्याप मिळालेली नाही. आज आपण संघ काढलात, तर पहिल्या हंगामात अकरापैकी नऊ मुली मणिपूर, हरियाणा, झारखंड आणि तमिळनाडूतून आणाव्या लागतील. त्या चांगल्या खेळतील, आपले पैसे दोन-तीन वर्षांत संपतील, आणि पैठणच्या किंवा भोकरच्या मुलीला त्यातून काहीही मिळालेले नसेल.

त्याऐवजी तोच पैसा आठ जिल्ह्यांत तेरा वर्षांखालील मुलींची लीग चालवण्यासाठी द्या. स्पर्धा नव्हे, लीग. दोन दिवसांची बाद पद्धतीची स्पर्धा भरवली की निम्मे संघ एक सामना हरून घरी जातात आणि वर्षभर पुन्हा चेंडूला पाय लागत नाही. लीगमध्ये सर्वांत दुबळ्या संघालाही जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दर पंधरवड्याला एक सामना मिळतो. या वयात सात-सात खेळाडूंचा संघ आणि अर्धे मैदान पुरते, चेंडू चार नंबरचा लागतो. प्रत्येक जिल्ह्यात निदान दोन स्त्री-प्रशिक्षक, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना घेतलेल्या आणि महिन्याच्या महिन्याला मानधन मिळणाऱ्या. मानधनाचा मुद्दा मी मुद्दाम लिहितो, कारण ‘आवड म्हणून शिकवा’ असे सांगितलेल्या मुली लग्नानंतर किंवा नोकरी लागल्यावर मैदान सोडतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. आपल्यातील ज्या कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्व निधी खर्च करणे बंधनकारक आहे, त्यांच्यासाठी कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण आणि राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. व्यावसायिक संघ चालवण्यापेक्षा हा खर्च त्या चौकटीत सहज बसतो. आपल्या सनदी लेखापालांना तो मजकूर अवश्य दाखवा.

पाच-सहा वर्षांनी, तेरा वर्षांच्या मुली अठरा-एकोणीसच्या होतील, तेव्हा आपण ठरवलेले नाव आणि पोशाख बाहेर काढा. तो पोशाख घालणाऱ्या मुली आपल्याला ओळखत असतील.

प्रश्न : महिलांच्या सामन्यात चेंडू लहान आणि वेळ कमी असते का?
— एक वाचक, वसमत

नाही. प्रौढ महिलांचा सामना तितक्याच मैदानावर, त्याच पाच नंबरच्या चेंडूने, तेवढ्याच उंचीच्या गोलपोस्टमध्ये आणि पंचेचाळीस मिनिटांच्या दोन डावांत होतो. नियम एकच आहेत.

प्रश्न : हे सारे ठीक, पण महिलांचा फुटबॉल पाहायला लोक येतात का? प्रेक्षक नसल्यामुळेच संघ बंद पडतात, असे वाटते.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, उदगीर

आपली शंका प्रामाणिक आहे, पण इतिहास वेगळे सांगतो. इंग्लंडमधील प्रेस्टन येथे पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळा तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी ‘डिक, कर लेडीज’ हा संघ काढला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९२० रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते. त्यानंतर एका वर्षाच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या अखत्यारीतील मैदाने त्यांना बंद केली, आणि ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. प्रेक्षक होते, म्हणून मैदाने बंद करावी लागली. गर्दी जमणे ही सवयीची गोष्ट आहे आणि ती सवय मोडण्यासाठी पन्नास वर्षे पुरेशी असतात. आता ती पुन्हा लागते आहे: २३ ऑगस्ट २०२५ रोजी बे एफसीने सॅन फ्रान्सिस्कोतील बेसबॉलच्या मैदानावर सामना ठेवला, तेव्हा ४०,०९१ प्रेक्षक आले.

प्रश्न : आमच्या शाळेत वीस मुली फुटबॉल शिकायला तयार आहेत. मैदान मुरमाड आहे, शाळा सुटल्यावर थांबवावे तर मुलींची एसटी चुकते, आणि आठवी-नववीनंतर पालक खेळ बंद करतात. काय करता येईल?
— एक क्रीडाशिक्षिका, सेलू

ताई, आपल्या पत्रातील तीन अडचणींपैकी दुसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मी स्वतः काही वर्षे खेड्यातील शाळेत मुलींचा सराव घेतला आहे. सराव संध्याकाळी ठेवला तेव्हा मुली गळत गेल्या, आणि मी बरेच दिवस त्याला नावडीचे लक्षण समजत होतो. एका मुलीच्या आईने मला समजावले, की मानव विकासची निळी बस साडेपाचला जाते आणि त्यानंतर फाट्यावरून घरापर्यंत चार किलोमीटर अंधारात चालावे लागते. तेव्हापासून वेळापत्रक ठरवताना मी आधी बसची वेळ लिहितो. सकाळी येणारी पहिली बस आणि पहिली घंटा यांच्यामध्ये सहसा पाऊण तास मिळतो, तो घ्या. मुख्याध्यापकांना विनंती करून आठवड्यातील दोन क्रीडातासिका शेवटच्या दोन तासांत सलग लावून घ्या. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे असताना सकाळी साडेआठनंतर सराव घेऊच नका.

मुरमाड मैदानावर गवत लावण्याच्या नादी लागू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात गावाच्या पिण्याच्या पाण्याआधी मैदानाला पाणी देता येणार नाही. पावसाळ्यानंतर खडे वेचून, माती पसरून आणि रोलर फिरवून केलेले साधे मैदान पास देणे शिकण्यासाठी चांगले असते; फक्त त्यावर घसरून चेंडू काढायला शिकवू नका. गोलपोस्ट बांबूचे चालतील, पण ते जमिनीत घट्ट रोवलेले हवेत. सैल गोलपोस्ट पडून मुलांना गंभीर इजा झाल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत.

पालकांविषयी: झारखंडमधील रांचीजवळ ‘युवा’ ही संस्था २००९ पासून खेड्यातील मुलींना फुटबॉलच्या माध्यमातून शिकवते आणि तेथेही बालविवाहाचा प्रश्न आपल्यासारखाच कठीण होता; संस्थेला २०१९ साली लॉरियस हा आंतरराष्ट्रीय क्रीडा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातील मला पटलेली गोष्ट अशी, की तेथे संघ हीच मुलीची सोबत होते. एकटी मुलगी शाळेतून गळाली तर कळत नाही. संघातील मुलगी दोन दिवस आली नाही, तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींसाठी तर ही चौकशी फार मोलाची आहे. पालकांची सभा बोलावण्यापेक्षा त्यांना सामन्याला बोलवा. दहावीतले वाढीव क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के खेळाडू आरक्षण यांची माहिती त्यांना द्या, पण त्यासाठी ग्राह्य प्रमाणपत्रे कोणत्या स्पर्धेतून मिळतात, हे आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. खोटी आशा एकदा दिली, की दुसऱ्यांदा पालक ऐकत नाहीत.

प्रश्न : फुटबॉलमध्ये मुलींचे गुडघे जातात, असे ऐकले. मुलीला पाठवावे का?
— एक आई, माजलगाव

पाठवा, पण एक गोष्ट विचारून पाठवा. गुडघ्याच्या आतील, डॉक्टर ज्याला ‘एसीएल’ म्हणतात, त्या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक होते, हे खरे आहे. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता एकदम वळताना गुडघा आत झुकतो आणि ती होते. ‘फिफा इलेव्हन प्लस’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप नेमका यासाठी तयार केलेला आहे. त्याला विशेष साहित्य लागत नाही आणि आठवड्यातून निदान दोनदा नियमाने केला, तर दुखापती कमी होतात. प्रशिक्षकांना तो घेता का, एवढे विचारा. त्याबरोबरच मुलीचे हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. लवकर दम लागणाऱ्या कितीतरी मुलींना प्रत्यक्षात रक्तक्षय असतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने जेवणानंतर घ्यावी. पाळीच्या दिवसांत तिला बरे वाटत असेल, तर खेळायला हरकत नाही. नसेल, तर प्रशिक्षकांना कारण न सांगता बसता आले पाहिजे.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे आणि जिल्हा पातळीपर्यंत खो-खो खेळले आहे. आता फुटबॉलकडे वळले तर उशीर झाला का?
— एक विद्यार्थिनी, जालना

उशीर झाला आहे, असे मी म्हणणार नाही. पण जे सहा-सात वर्षांपासून चेंडूबरोबर आहेत, त्यांच्याशी तुझी गाठ पडणार आहे, हे तुला आधीच ठाऊक असावे. तुझ्याकडे असे काही आहे, जे त्यांना पुष्कळदा शिकवावे लागते. खो-खोने तुला अचानक दिशा बदलायला, समोरच्याचे खांदे पाहून त्याची हालचाल ओळखायला आणि नऊ मिनिटांचा डाव पूर्ण ताकदीने खेळायला शिकवले आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांनी याच खेळातून भारताचे कर्णधारपद आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला, तेव्हा त्या खेळाला कमी लेखून तो सोडू नकोस; या वर्षी दोन्ही खेळ. बचावपटूच्या जागेपासून सुरुवात कर, कारण तेथे वेग आणि अंदाज यांना किंमत अधिक असते.

राज्याराज्यांच्या महिला संघांची राष्ट्रीय स्पर्धा राजमाता जिजाबाई करंडकासाठी खेळली जाते. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा तुझ्या गावापासून जवळ आहे, आणि त्या करंडकावर वीसपेक्षा अधिक वेळा नाव कोरले आहे ते दूरच्या मणिपूरने. महाराष्ट्राच्या संघाची निवड होते, त्या चाचणीपर्यंत पोहोचायला तुला निदान तीन वर्षे लागतील.

घराच्या किंवा शाळेच्या एखाद्या भक्कम भिंतीपासून पाच पावलांवर उभी राहा. पायाच्या आतल्या बाजूने चेंडू भिंतीवर मार, परत आलेला चेंडू एकदाच थांबव आणि पुन्हा मार. रोज उजव्या पायाने शंभर आणि डाव्या पायाने दोनशे वेळा. तीन महिन्यांनी, डाव्या पायाने सलग किती वेळा चेंडू न चुकता परत आला, ते मला लिहून कळव.